पँगाँगच्या आधी लेह

लडाखच्या सहलीचं कुठलंही माहितीपत्रक उघडा. पहिला दिवस, लेहला आगमन आणि विश्रांती. दुसरा दिवस, जवळपासची ठिकाणं. खरी सहल सुरू होते ती तिसऱ्या दिवसापासून : खारदुंग ला, नुब्रा, पँगाँग. दर उन्हाळ्यात पुण्या-मुंबईची, नाशिक-कोल्हापूरची कितीतरी माणसं याच क्रमाने लडाख पाहून येतात. फोनमध्ये निळ्या तळ्याचे ढीगभर फोटो असतात आणि लेहचा, फार तर, लांबून घेतलेला राजवाड्याचा एखादा. ज्या गावात सर्वांत जास्त रात्री काढल्या, नेमकं तेच पाहायचं राहून जातं.

हे गाव म्हणजे बाजारातल्या गर्दीचं, हॉटेलांचं आणि भाड्याच्या बुलेटचं लेह नव्हे. मुख्य बाजाराच्या मागे, राजवाड्याच्या पायथ्याशी, खडकाळ उतारावर चारशे वर्षांपूर्वीची एक राजधानी उभी आहे. दगड, माती आणि लाकूड एवढ्याच सामानातून बांधलेली सुमारे दोनशे जुनी घरं, त्यांच्यामधून वळत जाणारे बोळ, देवळं, मशिदी आणि चोर्तेन, म्हणजे बौद्ध स्तूप. तिबेटी धाटणीच्या नगररचनेचे इतके सलग नमुने आता फार थोडे उरले आहेत. खुद्द ल्हासातलं जुनं शहर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बरंचसं पाडलं गेलं. लेहचं जुनं शहर अजून आहे आणि त्यात माणसं राहतात.

दोन दिवसांची सक्ती

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथल्याही हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असल्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर शरीराला ऑक्सिजन कमी मिळतो. त्यावर शरीर पहिला उपाय करतं तो श्वास आणि हृदयाचे ठोके वाढवण्याचा. जोरजोरात श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि रक्तातला आम्लाचा तोल ढळतो. तो सावरायला मूत्रपिंडांना एक-दोन दिवस लागतात. तांबड्या पेशी वाढण्याचं काम तर आठवडे चालतं. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही सगळी या मधल्या काळाची लक्षणं. विमानाने गेलेल्यांना ती जास्त जाणवतात, कारण सकाळी दिल्लीत असलेलं शरीर दोन तासांत या उंचीवर येऊन पडलेलं असतं.

साधारण ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये, हा गिर्यारोहणाच्या वैद्यकातला सर्वमान्य नियम. पँगाँगची उंची सुमारे ४,२५० मीटर. म्हणजे लेहमधल्या सुरुवातीच्या रात्री हा पुढच्या सहलीचा विमाच आहे. पहिला दिवस पूर्ण विश्रांतीचा : भरपूर पाणी प्यायचं, मद्य टाळायचं, जिने चढायचेही बेताने. बसल्या जागी धाप लागली, कोरडा खोकला थांबेना, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलण्यात असंबद्धपणा आला, तर वाट न पाहता डॉक्टर गाठायचा आणि खाली उतरायचं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्ससारखी गोळी घ्यायची असेल तर निघण्याआधीच आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावी.

दुसऱ्या दिवशी मात्र सावकाश चालायला हरकत नसते आणि जुनं लेह सावकाश चालण्यासाठीच आहे. त्याचे बोळ चढणीचे आहेत. वीस पावलांवर थांबावंच लागतं. थांबलं की समोरची भिंत, डोक्यावरची तुळई, दाराची चौकट दिसायला लागते. त्या भिंतींमध्ये आणि तुळयांमध्येच या शहराचा इतिहास आहे.

खडकावर घर, मातीवर शेत

लेह सिंधू नदीच्या अगदी काठावर नाही. नदीच्या उत्तरेला, लडाख पर्वतरांगेतून उतरणाऱ्या ओढ्याने हजारो वर्षांत पसरवलेल्या गाळाच्या पंख्यावर ते वसलं आहे. हिमालयाच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे वर्षाचा पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर. मुंबईत जुलैतल्या एखाद्या जोराच्या दिवशीच एवढा पडतो. इथली शेती पावसावर होऊच शकत नाही. डोंगरातला बर्फ वितळून ओढ्याला पाणी येतं, ते पाटांनी फिरवून बार्ली, गहू, वाटाणा पिकवायचा आणि कडेने विलो, पॉपलर, जर्दाळू वाढवायचे. पाट पोहोचतो तिथवर हिरवळ, त्यापलीकडे वाळवंट. कोणाच्या शेताला केव्हा आणि किती वेळ पाणी मिळणार, हे ठरवायला गावाने नेमलेला माणूस असतो, त्याला चुरपोन म्हणतात. आपल्याकडच्या फड पद्धतीतला पाटकरी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्याचं काम वेगळं समजावून सांगायला नको.

जुनं शहर नापीक खडकावर का आहे, याचं उत्तर इथेच मिळतं. पाण्याखालची एकेक वाफ्याएवढी जमीन मोलाची. तिच्यावर घर बांधणं म्हणजे धान्यावर घर बांधणं. म्हणून वस्ती चढली उतारावर. तो उतार दक्षिणाभिमुख आहे. हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत जातो तेव्हा दिवसभराचं ऊन हे सर्वांत स्वस्त इंधन ठरतं. त्यात वर किल्ला, खाली वस्ती, म्हणजे संरक्षणही झालं. तीन गरजा एकाच उतारावर भागल्या.

राजधानी इथे यायच्या आधी, सिंधूच्या वरच्या अंगाला असलेल्या शे गावाचं महत्त्व जास्त होतं. लेहच्या माथ्यावरच्या त्सेमो शिखरावर आणि त्याखाली पंधराव्या शतकात राजा द्राक्पा बुमदेच्या काळातली मैत्रेय बुद्धाची मंदिरं उभी राहिली. सोळाव्या शतकात ताशी नामग्यालने शिखरावर किल्ला बांधला. नामग्याल घराण्याच्या सुरुवातीच्या राजांपैकी तो एक. पुढे त्याच घराण्यातल्या सेंग्गे नामग्यालने शिखराखालच्या सोंडेवर नऊ मजली राजवाडा उभारला आणि लेह ही लडाखची निर्विवाद राजधानी झाली.

नऊ मजले आणि एक बाल्टी राणी

सेंग्गे नामग्यालच्या घरची गोष्ट ऐकल्याशिवाय लेहचा स्वभाव कळत नाही. त्याचे वडील जामयांग नामग्याल यांनी पश्चिमेकडच्या बाल्टिस्तानवर स्वारी केली आणि सपशेल हार खाल्ली. स्कार्दूच्या अली मीरने त्यांना कैद केलं. सुटका झाली ती अलीच्या मुलीशी, ग्याल खातूनशी, लग्न लावून. तिचा मुलगा सेंग्गे. म्हणजे लडाखच्या बौद्ध राज्याचा सर्वांत पराक्रमी राजा मुस्लिम आईच्या पोटी जन्मला, आणि लडाखच्या परंपरेने त्या आईला श्वेत तारेचा अवतार मानलं. सेंग्गेचं राज्य सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं. १६४२ मध्ये तो वारला. त्याच्या हयातीत राज्याची हद्द पश्चिम तिबेटातल्या गुगेपर्यंत पोहोचली होती.

राजवाड्याकडे पाहिल्यावर ल्हासाच्या पोताला राजवाड्याची आठवण येते आणि लेहचा वाडा त्याची छोटी नक्कल असावी, असं वाटतं. काळाचा क्रम उलटा आहे. पाचव्या दलाई लामांनी पोतालाचं बांधकाम सुरू केलं ते १६४५ मध्ये, लेहचा राजवाडा उभा राहिल्यावर. दोन्ही वास्तू एकाच बांधकाम परंपरेतल्या आहेत. लेहच्या वाड्याचे खालचे मजले दगडाचे, वरचे उन्हात वाळवलेल्या विटांचे. भिंती खाली जाड, वर निमुळत्या आणि आतल्या बाजूला कललेल्या. त्यामुळे भार तळाशी राहतो आणि हलक्या भूकंपात इमारत तग धरते. दगडाच्या थरांमध्ये मध्येच आडव्या लाकडी तुळया घातलेल्या दिसतील. भिंतीला एकसंध बांधून ठेवणं हे त्यांचं काम. खालच्या मजल्यांवर तबेले आणि कोठारं, वर राजपरिवाराच्या खोल्या, देवघर, दरबार. जसजसं वर जावं तसतशा खिडक्या मोठ्या होतात आणि पुढे आलेले लाकडी सज्जे दिसू लागतात.

या राजवाड्यात राजे फार तर दोनशे वर्षं राहिले. १८३४ मध्ये जम्मूच्या गुलाबसिंहांचा सेनापती जोरावर सिंह लडाखवर चालून आला. डोगऱ्यांनी राज्य घेतलं, राजपरिवाराला सिंधूच्या पलीकडचं स्तोक गाव मिळालं आणि तो आजही तिथलाच आहे. स्वतः जोरावर सिंह १८४१ च्या डिसेंबरात तिबेटमधल्या कडाक्याच्या थंडीत लढताना मारला गेला. लेहचा वाडा मात्र रिकामाच राहिला. आता तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. आत सामानसुमान फारसं नाही, त्यामुळे महालातलं वैभव पाहायला गेलेल्यांची निराशा होते. गच्चीवर जावं. तिथून जुनं शहर, त्याखालचा बाजार, त्यापुढची हिरवी शेतं, सिंधूचं खोरं आणि पलीकडे स्तोकचे हिमाच्छादित डोंगर एका रेषेत दिसतात. लेहची रचना समजून घ्यायला यापेक्षा चांगला नकाशा नाही.

मशीद कुठून आली?

राजवाड्याच्या अगदी खाली, बाजाराच्या टोकाला जामा मशीद आहे. तिचं साल १६६६-६७. शिवराय आग्र्यात औरंगजेबाच्या कैदेत होते, त्याच सुमाराची ही गोष्ट. त्याआधी, १६६३ मध्ये, औरंगजेब काश्मीरला गेला होता आणि लडाखवर चढाई होईल अशी धास्ती निर्माण झाली होती. त्याच्याबरोबर असलेल्या फ्रान्स्वा बर्निए या फ्रेंच वैद्याने तिथे आलेल्या लडाखी वकिलातीबद्दल लिहून ठेवलं आहे. लडाखच्या राजाने तह केला : खंडणी द्यायची, बादशहाच्या नावाचं नाणं पाडायचं आणि राजधानीत मशीद बांधायची. सेंग्गेचा मुलगा देल्दन नामग्याल तेव्हा गादीवर होता.

पण लेहमधलं मुस्लिम जीवन केवळ बादशाही दडपणातून आलेलं नाही. त्याचं मोठं कारण व्यापार. काश्मीर, पंजाब, यारकंद आणि ल्हासा या चारही दिशांचे रस्ते लेहमध्ये मिळत होते. पश्चिम तिबेटच्या पठारावरच्या शेळ्यांची मऊ लोकर, म्हणजे पश्मिना, लेहमार्गे श्रीनगरच्या विणकरांकडे जाई. सतराव्या शतकाच्या अखेरीस तिबेट आणि लडाख यांच्यात युद्ध झालं, मोगल फौज लडाखच्या मदतीला आली आणि १६८४ मध्ये तिंगमोसगांगचा तह झाला. या तहाने लडाखने पूर्वेचा बराच मुलूख गमावला, पण त्या लोकरीच्या व्यापारावरची मक्तेदारी राखली. ज्याला आपण काश्मिरी शाल म्हणतो तिच्या धाग्यामागे लेहचा असा एक करारनामा आहे.

याच तहातून दोन काफिल्यांची प्रथा पुढे चालली. दर तीन वर्षांनी लेहहून ल्हासाला भेटवस्तू घेऊन जाणारा लोपचाक आणि दरवर्षी ल्हासाहून लेहला चहाच्या विटा घेऊन येणारा काफिला. बौद्ध राजाकडून दलाई लामांना जाणारी भेट घेऊन जाण्याचं काम पुढे राधू नावाच्या लेहच्या मुस्लिम व्यापारी घराण्याकडे आलं होतं आणि विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकापर्यंत हे चाललं. धर्म दोन होते, वाट एक होती.

उत्तरेचा रस्ता सर्वांत खडतर. खारदुंग ला ओलांडून नुब्रा, तिथून सासेर ला आणि मग ५,५०० मीटरपेक्षा उंच काराकोरम खिंड पार करून यारकंद. वाटेत जनावरांच्या हाडांचे ढीग पडलेले असत, असं त्या काळच्या प्रवाशांनी लिहिलं आहे. तिकडून रेशीम, नमदे, गालिचे, चरस येई. पंजाबातल्या होशियारपूरचे व्यापारी सुती कापड, नीळ, मसाले घेऊन येत. उन्हाळ्याच्या शेवटी काफिले लेहला पोहोचत, सराया भरून जात आणि बाजारात चार-पाच भाषांत घासाघीस चाले. काही व्यापारी इथेच राहिले, लडाखी बायकांशी त्यांची लग्नं झाली. त्यांच्या वंशजांना आर्गोन म्हणतात. नुब्रात पर्यटक ज्या दोन वशिंडांच्या उंटांवर बसतात, ते याच व्यापाराचे मागे राहिलेले वारस.

या वाटेवरून कितीतरी जण आले. इप्पोलितो देसिदेरी हा इटालियन जेझुइट १७१५ मध्ये ल्हासाला जाताना लेहला थांबला. विल्यम मूरक्रॉफ्ट हा कंपनी सरकारचा पशुवैद्य घोड्यांच्या आणि बाजारपेठेच्या शोधात १८२० मध्ये आला आणि दोन वर्षं राहिला. मोरावियन मिशनऱ्यांनी १८८५ मध्ये इथे ठाणं मांडलं. शाळा काढली, दवाखाना चालवला, लडाखी भाषेतलं वर्तमानपत्र छापलं. त्यांचं चर्च आजही आहे.

मग १९४९ मध्ये शिनजियांग साम्यवादी चीनच्या ताब्यात गेलं आणि यारकंदचा रस्ता बंद झाला. काही वर्षांत तिबेटचाही. चार रस्त्यांचं गाव एकाएकी देशाच्या सीमेवरचं शेवटचं गाव झालं.

छपरावरची माती

जुन्या लेहमधलं घर कसं बांधलेलं आहे, हे पाहायला आत जाण्याची गरज नाही. पडझड झालेली एखादी बाजू पुरे, सगळे थर उघडे दिसतात. तळाला दगड. त्यावर पाकबू, म्हणजे साच्यात घालून उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटा. छपराला पॉपलरच्या गोल तुळया, त्यांना म्हणतात दुंगमा. तुळयांवर आडव्या विलोच्या बारीक फांद्या, त्या तालू. पुष्कळ घरांत त्या तिरप्या नक्षीत रचलेल्या असतात. त्यावर गवताचा थर, मग माती, आणि सर्वांत वर मर्कलक नावाची चिकण पांढुरकी माती. ती पाणी आत शिरू देत नाही.

सगळं सामान चालत जाता येईल इतक्या अंतरावरचं. तुळईची लांबी पॉपलरच्या खोडावर अवलंबून, म्हणून खोल्या फार रुंद नाहीत. जाड मातीची भिंत दिवसा ऊन साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. उत्तरेला खिडकी जवळजवळ नसतेच, दक्षिणेला मोठी. तळमजल्यावर गुरं आणि चारा, वर माणसं. हिवाळ्यात अख्खं कुटुंब चान्सात, म्हणजे चुलीच्या मोठ्या खोलीत, जमतं. संडास कोरडा असतो : वरच्या मजल्यावर जमिनीला भोक, बाजूला मातीचा ढीग, खाली बंद खोली. वर्षभराने त्याचं खत होतं आणि शेतात जातं. पाण्याच्या दुर्भिक्ष्यात यापेक्षा शहाणी व्यवस्था शोधूनही सापडणार नाही. सपाट गच्चीवर जर्दाळू वाळतात, चारा रचला जातो. बोळांवरूनही खोल्या बांधलेल्या आहेत; बोगद्यासारख्या त्या वाटांमधून जाताना बाहेरचा बोचरा वारा एकदम थांबतो.

मानाचा क्रमही उतारावर मांडलेला आहे. मंत्री, कारभारी, राजाचे लेखनिक यांची मोठी घरं राजवाड्याला लागून आणि जसजसं खाली यावं तसतशी घरं लहान. वस्तीत शिरायच्या वाटांवर पोटातून रस्ता गेलेले चोर्तेन आहेत. त्यांच्या छताकडे मान वर करून पाहिलं तर काहींत जुनी चित्रं अजून दिसतात.

मातीचं घर स्वस्त असतं, पण त्याला सुट्टी नसते. कोकणात पावसाआधी घरं शाकारतात, तसं इथे दर एक-दोन वर्षांनी छपराची माती पाहावी लागते, भेगा बुजवाव्या लागतात, बर्फ पडला की तो वितळायच्या आत झाडून टाकावा लागतो. त्यातही जाणकारी हवी. जुना थर न खरवडता नवी माती टाकत गेलं तर छप्पर दरवर्षी जड होतं आणि शेवटी तुळयाच वाकतात.

गाव खाली उतरलं

ही डागडुजी चालू ठेवणारी माणसं हळूहळू निघून गेली. व्यापार बुडाला, त्याच्या जागी सैन्याची आणि सरकारची नोकरी आली. १९७४ मध्ये लडाख पर्यटकांना खुलं झालं. ज्यांची शेतं होती त्यांनी शेतातच मोकळं, बाग असलेलं, गाडी दारापर्यंत जाईल असं घर बांधलं आणि त्यातल्या खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. पूर्वी ज्या जमिनीवर घर बांधणं हा मूर्खपणा ठरला असता, तिच्यावर आता गेस्ट हाउस हे सर्वांत चांगलं पीक झालं. वरच्या जुन्या घरांत राहिले ते ज्यांना शेत नव्हतं ते, आणि बाहेरून कामाला आलेले भाडेकरू. भाडेकरू छपरावर माती कशाला चढवील? मालकालाही भाड्याच्या मानाने तो खर्च जड जातो.

त्यात पाण्याचं गणित बदललं. नळाचं पाणी आलं, पण ते वाहून जायला गटारं नव्हती. सांडपाणी मातीच्या भिंतींच्या पायात मुरू लागलं. हॉटेलांमधल्या फ्लश संडासांसाठी आणि शॉवरसाठी बोअर खोदल्या गेल्या. २०११ च्या जनगणनेत लेह शहराची लोकसंख्या सुमारे ३१,००० होती. आता वर्षाला लाखांनी पर्यटक येतात आणि येतात ते बहुतेक सगळे चार-पाच महिन्यांतच. पावसानेही रीत सोडली आहे. २०१० च्या ५ ऑगस्टच्या रात्री ढगफुटी झाली, चिखलाचे लोंढे वस्त्यांवर आले आणि दोनशेहून अधिक माणसं दगावली. जे छप्पर थोड्या बर्फासाठी आणि तुरळक सरींसाठी घडवलं होतं, त्याला तासन् तास चालणारा पाऊस झेपत नाही.

मग काँक्रीट का नाही? कारण लेहच्या हिवाळ्यात पातळ भिंतींचं सिमेंटचं घर बर्फासारखं गार पडतं आणि ते गरम ठेवायला इंधन लागतं, जे पुन्हा डोंगर ओलांडून आणावं लागतं. मातीचं तंत्र कालबाह्य झालेलं नाही. ते सांभाळायला लागणारी माणसं, मजुरी आणि प्रतिष्ठा यांची वाण पडली आहे.

याच मुद्द्यावर काही चांगलं काम झालं. ल्हासातली जुनी घरं वाचवण्यासाठी झटलेल्या तिबेट हेरिटेज फंड या संस्थेने २००३ पासून लेहच्या जुन्या शहरात काम सुरू केलं. पद्धत साधी : घरमालकाने खर्चाचा काही भाग उचलायचा, बाकी संस्थेने, गवंडी आणि सुतार स्थानिक, बोळात फरसबंदी आणि खालून गटार, छप्पर पुन्हा मर्कलकचं. २००८ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत जुन्या लेहचं नाव आलं. राजवाड्याच्या पायथ्याशी असलेलं मुन्शींचं घर, म्हणजे राजाच्या लेखनिकाचा वाडा, दुरुस्त होऊन आता लडाख आर्ट्स अँड मीडिया ऑर्गनायझेशन, म्हणजे लामो, या संस्थेचं केंद्र झालं आहे. खाली जुन्या सराईच्या परिसरात सेंट्रल एशियन म्युझियमची दगडी मनोऱ्यासारखी इमारत आहे आणि तिच्याशेजारी त्सास सोमा ही छोटीशी जुनी मशीद.

पायी कसं पाहावं

सुरुवात मुख्य बाजारातून करावी. डोगरा काळात आखलेला हा रस्ता इतका रुंद आणि सरळ आहे की पूर्वी इथे पोलो खेळला जाई. आता तो पायी चालणाऱ्यांसाठी आहे. कडेला लडाखी बायका आपल्या मळ्यातली भाजी आणि जर्दाळू घेऊन बसलेल्या असतात. जामा मशिदीच्या मागच्या गल्लीत तंदूरवाले आहेत. सकाळी तिथली गरम रोटी घ्यावी. तिथून सेंट्रल एशियन म्युझियम, मग चोर्तेनखालच्या वाटेने चढत लामो आणि त्यावरची मैत्रेयाची लाल देवळं. राजवाडा शेवटी. गुडघे किंवा श्वास साथ देत नसतील तर राजवाड्यापर्यंत गाडी जाते. वरून खाली चालत उतरावं. त्सेमोचं शिखर तिसऱ्या-चौथ्या दिवसासाठी ठेवावं. संध्याकाळी तिथे फार गार वारा सुटतो.

चोर्तेन आणि मंत्र कोरलेल्या दगडांच्या मणी-भिंती उजव्या हाताला ठेवून पुढे जायची रीत आहे. देवळात चपला बाहेर काढाव्यात. शुक्रवारी दुपारी मशिदीकडे जाऊ नये. बहुतेक देवळं कुलूपबंद असतात आणि किल्ली शेजारच्या एखाद्या घरात असते. ‘जुले’ (नमस्कार) म्हणून विचारलं तर कोणीतरी दाखवतं. दानपेटीत काही टाकावं. ही घरं राहती आहेत, तेव्हा गच्चीवर चढण्याआधी आणि माणसांचे फोटो काढण्याआधी विचारावं. हिवाळ्याच्या अखेरीस जाण्याची तयारी असेल तर राजवाड्याच्या अंगणातला दोसमोचा उत्सव पाहायला मिळतो. तेव्हा मुखवट्यांची नृत्यं पाहायला गावकरीच जमलेले असतात.

पाण्याबाबत तीन गोष्टी. बादलीने आंघोळ करावी आणि कोरडा संडास असेल तिथे नाक न मुरडता तो वापरावा. बाटली बरोबर ठेवून ती भरून घ्यावी.

आणि शक्य असेल तर पैसा वर, जुन्या वस्तीत खर्च करावा. म्युझियमचं तिकीट, स्थानिक वाटाड्याबरोबरची दोन तासांची फेरी, जुन्या घरातल्या खोलीत चहा किंवा मुक्काम. एका माणसाच्या शंभर-दोनशे रुपयांनी शहर वाचत नाही, हे खरं. पण जुनं घर पाडून त्याजागी काँक्रीटचं उभारायचं की दुरुस्त करून वापरात ठेवायचं, हा निर्णय शेवटी घरमालकच घेतो आणि तो भावनेपेक्षा हिशेबाने घेतो. आपल्या घरासमोरून लोक थांबून पाहत जातात, त्यातून चार पैसे मिळतात, असं दिसलं तर मर्कलक आणायला आणि गवंड्याला द्यायला हात मोकळा होतो. पुढच्या वर्षी छपरावर माती चढणार की नाही, ते त्यावर ठरतं.